सांगली-साताऱ्यातील प्रसूती व स्त्रीरोग विभागाच्या निवासी डॉक्टरांसाठी: तीन वर्षांची रोटेशन कशी करावीत

एम.एस.ची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, जागा मिळून प्रसूती व स्त्रीरोग विभागात रुजू झालेल्या निवासी डॉक्टराच्या हाती पहिल्या दिवशी ड्युटीचा तक्ता पडतो. लेबर रूम, प्रसूतिपूर्व वॉर्ड, ओपीडी, ऑपरेशन थिएटर, कुटुंब नियोजन, नवजात अतिदक्षता कक्ष अशी नावे आणि त्यांपुढे तारखा, एवढेच त्यावर असते. त्या त्या ठिकाणाहून काय शिकून बाहेर पडायचे हे तक्ता सांगत नाही, आणि वरिष्ठांना ते समजावून सांगायला सवड मिळतेच असेही नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या अखेरीस आपण किती सिझेरियन केले हा आकडा बहुतेकांना तोंडपाठ असतो, पण कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर सलग दहा मिनिटे हात ठेवून त्या कळा पुरेशा आहेत की नाहीत हे सांगताना तीच माणसे चाचरतात. प्रत्येक रोटेशनला जाताना एकच नेमका प्रश्न बरोबर न्यावा आणि त्याचे उत्तर बाईच्या खाटेशेजारी उभे राहून मिळवावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना याच मतातून आलेल्या आहेत.

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत शिकणाऱ्यांना एक मोठी अनुकूलता आहे. मिरजेचे १९६२ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, कराडचे कृष्णा रुग्णालय, अशा ठिकाणी एकाच वॉर्डात पाटणच्या डोंगरातून आलेली, जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेली, कृष्णाकाठच्या बागायती गावातली आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातली, अशा वेगवेगळ्या बायका शेजारी शेजारी असतात. मिरजेच्या बाजूला काम करणाऱ्याने थोडी कन्नड शिकून घ्यावी. ‘नोवु’ म्हणजे दुखणे, एवढा एक शब्द कळला तरी रात्रीच्या वेळी बरेच काम सोपे होते.

रुजू होण्याआधीचे आणि नंतरचे पहिले दोन आठवडे

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण झाले आहेत का आणि प्रतिपिंडांची पातळी १० मिली-आंतरराष्ट्रीय एककांच्या वर आहे का, हे रुजू होण्यापूर्वीच तपासून घ्यावे. या शाखेत रक्ताशी रोज संबंध येतो आणि सुई टोचल्यानंतर पहिल्यांदाच ही चौकशी करण्याची वेळ येऊ नये. खिशात सेकंदकाट्याचे घड्याळ, मोजपट्टी आणि एक छोटी वही असावी. मोबाइलमधले घड्याळ चालेल असे वाटते, पण हातमोजे घातल्यावर मोबाइल निरुपयोगी ठरतो.

पहिल्या दोन दिवसांत रुग्णालयाचा नकाशा डोक्यात पक्का करावा. रक्तपेढीचा रस्ता रात्री कोणत्या दाराने उघडा असतो, ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारे आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरणारे औषध) कोणत्या फ्रिजमध्ये आहे आणि त्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहते का, तातडीच्या औषधांचा ट्रे कुठे आहे आणि तो शेवटचा कोणी तपासला, नवजात कक्षाला कोणत्या नंबरवर कळवायचे, हे स्वतः चालत जाऊन पाहावे. लेबर रूममधील सिस्टर आणि मावशी यांची नावे पाठ करावीत. वीस वर्षे तिथे काम केलेल्या सिस्टर जेव्हा म्हणतात, “डॉक्टर, ही बाई मला बरी दिसत नाही,” तेव्हा हातातले लिखाण बाजूला ठेवून उठावे. मी तरी असे उठून कधी पस्तावलो नाही.

संशोधन पद्धतीचा सक्तीचा ऑनलाइन अभ्यासक्रम, प्रबंधाचा आराखडा आणि लॉगबुक यांची कामे पहिल्याच महिन्यात सुरू करावीत. प्रबंधाचा विषय आपल्या वॉर्डात रोज दिसणाऱ्या प्रश्नावर घ्यावा. दुर्मीळ आजार निवडला की रुग्णांची वाट पाहण्यात दुसरे वर्ष निघून जाते.

लेबर रूम: कळांवर हात

लेबर रूमच्या रोटेशनचा प्रश्न असा असावा: या बाईची प्रसूती पुढे सरकते आहे की नाही, हे मी यंत्राशिवाय सांगू शकतो का?

बाई दाखल झाली की आधी तिचे नाव विचारावे, तिला ‘ताई’ म्हणून स्वतःचे नाव सांगावे आणि मग तपासणीला हात लावावा. “कळा कधीपासून येताहेत, पाणी गेलंय का, अंगावरून काही जातंय का, बाळ फिरतंय का,” हे चार प्रश्न तिच्याच शब्दांत विचारले की तीही मोकळेपणाने सांगते. तिच्यावर ओरडणे, मांडीवर चापट मारणे, “आता कशाला रडतेस” असे बोलणे हे प्रकार अजूनही कानावर येतात आणि नवा निवासी डॉक्टर ते वरिष्ठांकडून नकळत उचलतो. ते उचलू नयेत. लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीची सोबतीण असावी आणि तिला सन्मानाने वागवावे हे अपेक्षित आहे. आई किंवा सासूबाई उशाशी असली की बाई कमी घाबरते, आणि रक्तस्राव वाढला तर ते पहिल्यांदा पुष्कळदा त्यांच्याच लक्षात येते.

ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी आलेल्या बायका थेट फडातून लेबर रूममध्ये येतात. माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलेले असते, सोनोग्राफीचा कागद नसतो, आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर सणाचा आधार मिळतो. इथे सावध राहावे. स्थानिक बाई ‘बेंदराच्या आसपास’ म्हणाली तर महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात येतो, कर्नाटकी बेंदूर त्याच्या सुमारे एक महिना आधी ज्येष्ठात येतो, आणि मराठवाड्यातून आलेल्या बाईच्या तोंडी ‘पोळा’ असेल तर तो श्रावण अमावास्येचा असतो. एका सणाच्या गफलतीने चौतीस आठवड्यांचे बाळ अडतीस आठवड्यांचे वाटू शकते आणि फुप्फुसांसाठी द्यायचे स्टिरॉइडचे इंजेक्शन राहून जाते. म्हणून सण विचारल्यावर तो कुठला, हेही विचारावे, आणि गर्भाशयाची उंची मोजपट्टीने मोजून दोन्हींचा मेळ घालावा.

आता पोटावर हात ठेवण्याविषयी. खाटेच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसावे. तळहात सपाट करून गर्भाशयाच्या माथ्यावर ठेवावा आणि बोटे रोवू नयेत. घड्याळाकडे पाहत पूर्ण दहा मिनिटे हात न उचलता बसावे. कळ सुरू होताना पोट हाताखाली हळूहळू घट्ट होत जाते, टोकाला असताना बोटाने दाबले तरी खड्डा पडत नाही, आणि ओसरताना ते पुन्हा मऊ होते. घट्ट होण्यापासून मऊ होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दहा मिनिटांत तीन ते पाच कळा आणि प्रत्येक कळ वीस सेकंदांहून लांब पण साठ सेकंदांच्या आत, ही सामान्य चाल समजावी. दोन किंवा त्याहून कमी कळा असल्या तर प्रसूती रेंगाळण्याची शक्यता धरावी. पाचाहून जास्त झाल्या तर ऑक्सिटोसिनचे सलाईन चालू असल्यास ते आधी थांबवावे आणि मग वरिष्ठांना फोन करावा. दोन कळांच्या मधल्या काळात पोट मऊ पडतच नसेल, तर वार वेळेआधीच सुटल्याची शंका हातालाच पहिल्यांदा येते. पहिल्या महिन्यात रोज किमान तीन बायकांजवळ असे बसावे. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला बाईचा चेहरा पाहून कळ येण्याआधीच हात सज्ज व्हायला लागतो.

प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख भरताना जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची लेबर केअर गाइड आणि जुना पार्टोग्राफ यांतला फरक समजून घ्यावा. जुन्या सुधारित पार्टोग्राफमध्ये सक्रिय टप्पा गर्भाशयाचे तोंड ४ सेंटीमीटर उघडल्यापासून धरत आणि तासाला एक सेंटीमीटर ही इशारारेषा असे. नव्या पद्धतीत सक्रिय टप्पा ५ सेंटीमीटरपासून सुरू होतो आणि प्रत्येक सेंटीमीटरला वेगळी मुदत आहे: ५ वर सहा तास, ६ वर पाच, ७ वर तीन, ८ वर अडीच आणि ९ वर दोन तास उलटले तर कारण शोधायचे. आपल्या विभागात कोणता तक्ता वापरतात ते पाहून तोच नीट भरावा, पण दोन्हींमागचा विचार ठाऊक असावा. आतून तपासणी साधारणपणे चार तासांनी करावी. पाच जणांनी शिकण्यासाठी पाच वेळा तपासणे हे बाईवर अन्यायकारक आहे आणि जंतुसंसर्गालाही निमंत्रण आहे. बाळाचे ठोके मात्र पहिल्या टप्प्यात दर अर्ध्या तासाला, जोर देण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी, आणि कळ ओसरल्यानंतरही ऐकावेत. हे ठोके तक्त्यावर अंदाजाने भरण्याची सवय ज्या विभागात आहे, तिथे ती आपल्यापासून मोडावी.

रक्त मोजणे

बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत द्यावे, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापावी, आणि गर्भाशयाला वरच्या हाताने आधार देतच नाळ हलक्या ताणाने ओढून वार काढावी. इथपर्यंत सगळेच शिकतात. त्यानंतरचे रक्त मात्र फार थोडे जण मोजतात, आणि नजरेने केलेला अंदाज बहुधा कमीच निघतो. मोजमापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाळ झाल्याबरोबर बाईच्या खाली सरकवावी. ती नसेल तर भिजलेले पॅड आणि गॉज वजनकाट्यावर ठेवून कोरडे वजन वजा करावे व एक ग्रॅमला एक मिलिलिटर असा हिशेब करावा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथे झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, अशी पिशवी वापरून रक्तस्राव लवकर ओळखला आणि सर्व उपचार एकत्रच सुरू केले तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले. त्या अभ्यासात नवे औषध कोणतेच नव्हते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

५०० मिलिलिटरची वाट न पाहता, ३०० मिलिलिटरनंतर नाडी किंवा रक्तदाब बिघडताना दिसला की हालचाल सुरू करावी. नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाने भागावे, उत्तर ०.९ किंवा त्याहून जास्त आले तर बाई ‘बोलते आहे, हसते आहे’ यावर विसंबू नये. गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाईन, आणि फाटलेल्या जागेचा व राहिलेल्या वारेचा शोध, ही कामे एकामागून एक न करता माणसे वाटून एकाच वेळी करावीत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्रसूतीनंतर तीन तासांच्या आतच द्यायचे असते. गर्भाशय आकसवणाऱ्या औषधांपैकी मेथर्जिन उच्च रक्तदाबात देऊ नये आणि कार्बोप्रॉस्ट दमेकरी बाईला देऊ नये. घाईत या दोन गोष्टी विसरल्या जातात, म्हणून त्या ट्रेच्या झाकणावर लिहून चिकटवाव्यात.

झटक्याचा ट्रे स्वतः भरावा

एक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबातून झटके येणारा, रुग्ण येण्याआधी, शांत असलेल्या दुपारी, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस सिस्टरसमोर एकदा मोठ्याने हिशेब करत मांडून पाहावा. आपल्याकडे मिळणाऱ्या २ मिलिलिटरच्या ५० टक्के अँप्युलमध्ये १ ग्रॅम औषध असते. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे म्हणजे चार अँप्युल, ८ मिलिलिटर. त्यात १२ मिलिलिटर सलाईन मिसळून २० मिलिलिटरची सिरिंज तयार करायची आणि ती सावकाश द्यायची. त्यानंतर प्रत्येक कुल्ल्यात खोलवर ५ ग्रॅम, म्हणजे पाच-पाच अँप्युल. एकूण चौदा अँप्युल लागतात. ट्रेमध्ये दहाच असतील तर बाईला झटका आलेला असताना कोणीतरी चार अँप्युल आणायला स्टोअरकडे धावत असतो, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. पुढचा ५ ग्रॅमचा डोस दर चार तासांनी, प्रसूती किंवा शेवटचा झटका यांपैकी जे नंतरचे असेल त्यानंतर २४ तासांपर्यंत द्यायचा असतो. प्रत्येक डोसाआधी गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा अधिक आहेत का, आणि लघवी तासाला ३० मिलिलिटरहून जास्त आहे का, हे तपासून लिहावे. मॅग्नेशियम जास्त झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्युल त्याच ट्रेमध्ये असावी. वरचा रक्तदाब १६० किंवा खालचा ११० झाला की लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन अर्ध्या-एक तासाच्या आत सुरू झालेच पाहिजे. मॅग्नेशियम झटके थांबवते, रक्तदाबाचे काम ते करत नाही.

ओव्हर देणे

सगळ्या रोटेशनना जोडणारे काम म्हणजे एका चमूने दुसऱ्याच्या हाती बाई सोपवणे, ज्याला आपण ‘ओव्हर देणे’ म्हणतो. हे कौशल्य कोणी स्वतंत्रपणे शिकवत नाही, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

मी पहिल्या वर्षात असताना, इमर्जन्सीच्या रात्रीनंतर सकाळी पावणेनऊला, जिन्याजवळ उभे राहून मी नऊ बायकांचे ओव्हर दिले. त्यांतली एक तिसऱ्या खेपेची होती आणि पहाटे साडेपाचला तिची प्रसूती झाली होती. तिच्यापुढे मी ‘ठीक आहे’ एवढेच म्हणालो. तिच्या सासूबाईंनी मधल्या काळात तीन कपडे बदलून धुवायला नेले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. साडेनऊला दुसऱ्या युनिटच्या डॉक्टरने तिची नाडी पाहिली तेव्हा ती १३२ होती. ती वाचली, कारण त्या डॉक्टरने माझ्या ‘ठीक आहे’वर विश्वास न ठेवता तिच्या पोटावर हात ठेवला. दोष पूर्णपणे माझा होता.

तेव्हापासून मी पाळत आलो ती पद्धत अशी. ओव्हर खाटेजवळच द्यावे आणि दोन्ही डॉक्टर बाईसमोर असावेत. प्रसूती झालेली असेल तर देणाऱ्याने पॅड उघडून दाखवावे आणि घेणाऱ्याने गर्भाशयाच्या माथ्यावर स्वतः हात ठेवून तो घट्ट असल्याची खात्री करावी. कळा देणारी असेल तर शेवटची तपासणी किती वाजता झाली आणि पुढची किती वाजता करायची, ही वेळ कागदावर लिहूनच द्यावी. रक्त लागण्याची शक्यता असेल तर ‘रक्ताचे सांगितले आहे’ असे न म्हणता किती पिशव्या क्रॉसमॅच होऊन, म्हणजे बाईच्या रक्ताशी जुळवून, तयार आहेत ते सांगावे. शेवटी घेणाऱ्याने ऐकलेले परत म्हणून दाखवावे. दहा बायकांना यासाठी पंचवीस मिनिटे लागतात. रात्रभर जागलेल्या माणसाला ती नकोशी वाटतात हे मला ठाऊक आहे, पण त्यातून सूट घेऊ नये.

प्रसूतिपूर्व ओपीडी आणि वॉर्ड

इथला प्रश्न: या शंभर बायकांतल्या कोणत्या पाचजणींना मी आज घरी पाठवू नये? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते आणि त्या दिवशीची गर्दी म्हणजे हा प्रश्न सोडवण्याची उत्तम संधी असते. रक्तदाब बाईला पाच मिनिटे बसवून, योग्य मापाच्या पट्ट्याने, स्वतः घ्यावा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम; प्रसूतीला किती आठवडे उरले आहेत ते पाहून गोळ्या, शिरेतून लोह की रक्त हे ठरवावे. मधुमेहासाठी उपाशी नसतानाही ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासावे आणि १४० किंवा अधिक आले तर तो गरोदरपणातला मधुमेह धरावा.

सोनोग्राफीच्या पोस्टिंगमध्ये हात बसवण्याआधी कायदा शिकावा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार यंत्र नोंदणीकृत, ते चालवणारी व्यक्ती नोंदणीकृत आणि प्रत्येक गरोदर बाईमागे पूर्ण भरलेला एफ-फॉर्म, म्हणजे तपासणीच्या नोंदीचा अर्ज, यात तडजोड नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्या भागात शिकणाऱ्या प्रत्येकाने ही घटना मनात ठेवूनच हा फॉर्म भरावा, आणि नातेवाइकांनी आडून विचारलेल्या “सगळं नीट आहे ना, काय आहे?” या प्रश्नाला बाळाच्या तब्येतीपुरतेच उत्तर द्यावे.

ऑपरेशन थिएटर

सिझेरियनला हात मिळण्याची घाई प्रत्येकाला असते आणि ती स्वाभाविक आहे. तरी पहिली वीस सिझेरियन केवळ दुसऱ्या सहायकाच्या जागेवरून, पण प्रत्येक थर तोंडाने म्हणत पाहावीत. शस्त्रक्रियेआधीची सुरक्षा यादी मोठ्याने वाचावी आणि प्रतिजैविक त्वचेला छेद देण्यापूर्वी गेले आहे याची खात्री करावी. घरी जुन्या कापडावर आणि स्पंजवर डाव्या हाताने गाठ मारण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे करावा. प्रत्येक सिझेरियन रॉबसनच्या दहा गटांपैकी (सिझेरियनचे प्रमाण तपासण्यासाठी केलेली बायकांची वर्गवारी) कोणत्या गटात बसते हे शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहावे. सहा महिन्यांनी स्वतःच्या नोंदी चाळल्या की पहिलटकरणींची किती सिझेरियन टाळता आली असती हे आपल्यालाच दिसू लागते. बाळाचे डोके पूर्ण खाली रुतलेले असताना करायचे सिझेरियन मात्र पहिल्या वर्षात, वरिष्ठ शेजारी असल्याशिवाय, कोणी आग्रह केला तरी करू नये. छेद खाली फाटून तिथून होणारा रक्तस्राव नवख्या हाताला आवरत नाही.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत शिकायची गोष्ट एकच धरली तर ती म्हणजे मूत्रवाहिनी. गर्भाशयाच्या ग्रीवेपासून, म्हणजे खालच्या मानेसारख्या भागापासून, साधारण दीड ते दोन सेंटीमीटरवर ती गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून जाते, आणि क्लॅम्प लावताना प्रत्येक वेळी तिची जागा मनात म्हणावी. अंग बाहेर येणाऱ्या वयस्क बायका आपल्या डोंगरी भागातून मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे योनिमार्गे शस्त्रक्रिया शिकण्याची संधी वाया घालवू नये.

स्त्रीरोग ओपीडी आणि कुटुंब नियोजन

“डॉक्टर, पिशवीच काढून टाका,” असे म्हणणारी चाळिशीच्या आतली बाई या ओपीडीत रोज भेटते. तिच्या मनात कर्करोगाची भीती असते, रोजंदारी बुडण्याची चिंता असते, कधी नुसते पांढरे जात असते. आधी कारण शोधावे. चाळिशीनंतरच्या अनियमित रक्तस्रावात गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेतल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देऊ नये. ग्रीवेची तपासणी ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून पूर्ण एक मिनिट थांबून करावी. दहा सेकंदांत पाहिलेल्या ग्रीवेवरून काहीच ठरत नाही. तांबी, प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवायची तांबी, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि मिनिलॅप (छोट्या छेदातून केलेली नसबंदी) या सर्वांत हात बसवून घ्यावा.

गर्भपाताच्या कायद्याचे बारकावे या पोस्टिंगमध्ये पाठ करावेत: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, २० ते २४ आठवड्यांत नियमांत दिलेल्या गटांसाठी दोघांचे, आणि २४ नंतर गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय. सज्ञान बाईला नवऱ्याच्या सहीची गरज नाही. मुलगी अठराखालची असेल तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मात्र संमतीच्या संबंधातून दिवस गेलेल्या मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास तिचे नाव न उघड करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलेली आहे.

छोटी पोस्टिंग

भूलशास्त्र आणि नवजात कक्ष ही पोस्टिंग ‘आरामाची’ समजली जातात, ते चूक आहे. भूलशास्त्रात स्पायनलनंतर, म्हणजे पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलेनंतर, रक्तदाब कोसळला तर मी काय करणार हे शिकावे. नवजात कक्षात न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने श्वास द्यायला, तोही मिनिटाला ४० ते ६० या गतीने आणि छाती वर येताना पाहत, हात सरावला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी रात्री बालरोगतज्ज्ञ जवळ नसतो.

जिल्हा निवासी कार्यक्रम

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे सक्तीचे आहे. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिथून रक्त किती वेळात मिळते, भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतात आणि १०८ ची गाडी मोठ्या रुग्णालयापर्यंत प्रत्यक्षात किती मिनिटांत पोहोचते, हे लिहून काढावे. या आकड्यांवरच ‘बाईला कधी पाठवायचे’ याचे उत्तर ठरते. पाटणच्या वरच्या वाडीवरच्या बाईसाठी ते उत्तर ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) बाईपेक्षा कितीतरी तास अलीकडचे असते.

झटके आलेली बाई पाठवायची असेल तर मॅग्नेशियमचा स्नायूतला पहिला डोस देऊनच पाठवावी. कोणतीही बाई पाठवताना पुढच्या रुग्णालयातल्या ड्युटीवरच्या डॉक्टरशी स्वतः बोलावे, आणि चिठ्ठीत दिलेले प्रत्येक औषध वेळेसह लिहावे. आपण मोठ्या रुग्णालयात असताना ज्या अपुऱ्या चिठ्ठ्यांवर चिडलो होतो, त्या कशा लिहिल्या जातात हे इथे कळते. आशाताईंबरोबर एक तरी दिवस गावात फिरावे. पोस्टिंग पावसाळ्यात असेल तर कृष्णा-वारणाकाठच्या गावांतल्या, पुढच्या महिनाभरात दिवस भरणाऱ्या बायकांची यादी आधीच तयार ठेवावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात रस्ते बंद झाल्यावर अशा याद्या शोधायला वेळ नव्हता.

लॉगबुक, झोप आणि तिसरे वर्ष

लॉगबुक रोज रात्री भरावे. नुसती संख्या न लिहिता प्रत्येक नोंदीपुढे ‘पुढच्या वेळी वेगळे काय करीन’ ही एक ओळ लिहावी. परीक्षेच्या आधी त्याच ओळी उपयोगी पडतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत वर्षाला किमान २० दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि कामाची निकड नसल्यास आठवड्याची एक सुट्टी दिलेली आहे. ती मागताना अपराधी वाटून घेऊ नये. सलग तिसऱ्या रात्री जागलेल्या डॉक्टरने औषधाचा डोस दुसऱ्याकडून तपासून घ्यावा आणि हे उघडपणे मागावे.

तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टराने आणखी एक काम अंगावर घ्यावे. रात्री दोनला पहिल्या वर्षाच्या मुलीचा फोन आला आणि तिने नेमके कारण न सांगता “सर, जरा येऊन बघता का?” एवढेच म्हटले, तर कारण विचारत न बसता जावे. खाटेजवळ पोहोचल्यावर तिच्या आधी स्वतः हात लावू नये. तिला स्टूलवर बसवावे, तिचा तळहात पोटावर ठेवायला सांगावा, आपले घड्याळ तिच्यासमोर धरावे आणि दहा मिनिटे तिच्याबरोबर थांबावे.